खांब सतरा

कीलुंगला पाऊस जुन्या भाडेकरूसारखा राहतो,
सामान कधी हलवत नाही.
म्हणून आमचा वर्ग उड्डाणपुलाखाली,
सतरा नंबरच्या खांबापाशी, पहाटे पाचला.
वरून ट्रक गेला की खांब गुरगुरतो
आणि लिएन माओफा म्हणतात, "ऐक,
केवढं वजन पोटात घालतोय."

चाळीस वर्षं मासळीच्या लिलावात ओरडून
त्यांचा आवाज घशाच्या तळाशी गेलाय.
उरलंय ते मनगटात.
माझ्या मनगटावर त्यांचं मनगट,
मध्ये चहाचं एक पान धरावं,
चुरडू नये, पडू नये,
इतकाच दाब.
आणि आम्ही फिरतो,
दोघांनी मिळून एक जातं ओढावं तसे.

पहिल्या वर्षी मी नुसती उडत होते.
कस्टम्सच्या कचेरीत दिवसभर शिक्के मारायचे,
सगळं बळ खांद्यात साठवायची सवय.
ते बोट लावत, मी चार पावलं मागे,
एकदा तर थेट फान बाईंच्या सोयाबीन दुधाच्या पातेल्यावर.
"खांद्याचं सगळं उधारीवर," ते म्हणाले,
"फेडतात पाय.
गुडघ्यांना सांग, हट्ट सोडा.
कंबर सोड ओल्या पोत्यासारखी.
रेटा आला की अडवू नकोस,
टाचेपर्यंत वाट दे त्याला.
पुढचं जमीन बघून घेईल."

जमीन बघून घेईल!
घटस्फोटाच्या कागदांवर सही केल्यापासून
मी टाचा उचलूनच चालत होते.
कितीतरी महिने जमिनीनं काही बघितलं नाही.
मग एका मंगळवारी, मी भाजीचा हिशोब करत असताना,
रेटा आला
आणि पन्हळीतून पाणी जावं तसा
खांद्यातून, कमरेतून, डाव्या मांडीतून
खाली उतरून गेला.
मी जागच्या जागी.
माओफा "हं" म्हणाले
आणि दुसऱ्या हातानं मला पाडलं.

आज मात्र
मनगट टेकलं आणि कळलं,
पलीकडे कुणी राहत नाही.
हात होता, ऊब होती, सवयीचं फिरणं होतं,
खाली तळमजलाच नव्हता.
मी अर्धा श्वास जरी पुढे सोडला असता
तर पंचाहत्तरीचा माणूस खांबावर आपटला असता.
तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली
तो असा मागल्या दारानं आला,
चपला हातात घेऊन.

मी ढकललं नाही.
हात काढूनही घेतला नाही,
काढला असता तरी ते पडलेच असते.
जेवढं वजन माझ्याकडे कलत होतं
तेवढं घेतलं, टाचेपर्यंत नेलं,
फिरत राहिले.
वरून एक कंटेनर गेला. मग आणखी एक.

कितव्या तरी फेरीला ते म्हणाले,
"युंगशियांगची बोट सापडली."
मग बऱ्याच वेळानं,
"रिकामी."

धाकटा मुलगा.
दक्षिण अटलांटिकात माकुळ धरायला गेलेला.
मागच्या महिन्यात त्यानं पाठवलेला फोटो
त्यांनी सगळ्यांना दाखवला होता, फान बाईंना दोनदा.

मी काही बोलले नाही.
बातमी मनगटाला आधीच पोचली होती,
फक्त नाव कळायचं राहिलं होतं.

मग हळूहळू त्यांचे गुडघे नमले.
अंधाऱ्या घरात चपला शोधाव्यात
तशी त्यांच्या पायांनी जमीन चाचपली.
आणि माझ्या तळव्याला लागलं,
फार खालून, चिखलातून,
ओहोटीला उघडा पडलेला नांगर
पुन्हा रुतत असल्यासारखं काहीतरी.

पुढच्या क्षणी मी हवेत.
चार पावलं, जुन्या हिशोबानं.

"खांदा," ते म्हणाले. डोळे पुसले नाहीत.
"खांद्यात दया चढली तुझ्या.
ये, पुन्हा उभी राहा."

फान बाईंनी पातेलं बाजूला सरकवलं.